यादी घेऊन फिरणारा कप्तान



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी इतिहास शिकवताना राजांच्या आधी माणसांची नावं विचारत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. म्हणून आज मी नावांविषयीच बोलणार आहे. हजारो सैनिकांची नावं उराशी धरून खुन्याचा शोध घेणाऱ्या एका सैनिकाची ही हकीकत आहे. त्या शोधात एकामागून एक सरकारांनी त्याच्या तोंडावर दारं लावली. हकीकत पोलंडची आणि रशियाची असली, तरी तिचा एक धागा आपल्या पंचगंगेच्या काठाला येऊन मिळतो.

आपल्या कुरुंदवाडच्या संगमावर पोहोचण्याआधी पंचगंगा वळिवड्याच्या शिवारातून येते. कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्गावरच्या या गावात १९४३ ते १९४८ या काळात पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती. कौलारू बराकी, शाळा, दवाखाना, चर्च असं एक छोटं पोलिश गावच तिथं वसलं होतं. ते लोक गेल्यावर त्याच जागी फाळणीत घरदार गमावलेले सिंधी बांधव आले आणि आजचं गांधीनगर उभं राहिलं. कोल्हापुरानं परक्यांना आसरा दिला याचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. पोलंडच्या राजधानीतही कोल्हापूरच्या नावानं स्मारक आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथं जाऊन अभिवादन केलं.

पण छावणीची जुनी छायाचित्रं पाहताना एक गोष्ट खटकते. त्यांत बायका आहेत, मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत. कर्ते पुरुष अगदी थोडे. काहीजण जनरल आंदेर्स यांच्या पोलिश फौजेत लढत होते, हे खरं. बाकीचे कुठं होते?

सप्टेंबर १९३९ मध्ये हिटलरनं पश्चिमेकडून आणि स्टॅलिननं पूर्वेकडून पोलंडचा घास घेतला. रशियनांच्या हाती सापडलेले अधिकारी आणि पोलीस कोझेल्स्क, स्तारोबेल्स्क आणि ओस्ताश्कोव्ह इथल्या तीन छावण्यांत ठेवले गेले. त्यांतले निम्म्याहून जास्त अधिकारी राखीव दलातले होते, म्हणजे एरवी डॉक्टर, वकील, शिक्षक, इंजिनिअर. ५ मार्च १९४० रोजी गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया यानं या सगळ्यांना गोळ्या घालाव्यात असा प्रस्ताव ठेवला आणि स्टॅलिननं त्यावर सही केली. खाली व्होरोशिलोव्ह, मोलोतोव्ह, मिकोयान यांच्या सह्या आहेत. दोनच दिवसांनी दुसरा हुकूम निघाला, की या कैद्यांच्या बायकामुलांना दहा वर्षांसाठी कझाकस्तानात हद्दपार करा. त्यासाठी लागणारे घरचे पत्ते कैद्यांकडूनच गोळा केलेले होते. बाप गोळी घालून मारायचा आणि त्यानंच सांगितलेल्या पत्त्यावर जाऊन त्याची मुलं उचलायची, असा तो कारभार होता. एप्रिल १९४० मध्ये ही कुटुंबं गुरांच्या डब्यांतून पूर्वेला रवाना झाली. अशाच हद्दपारीतून जिवंत राहिलेली माणसं पुढं १९४२ मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून इराणात आली, आणि त्यांतली काही वळिवड्याला पोहोचली.

आता त्या सैनिकाकडे येऊ. त्याचं नाव कप्तान युझेफ चाप्स्की. जन्म १८९६ चा, घराणं सरदारी, पण व्यवसायानं चित्रकार. तरुणपणी त्यानं अहिंसेच्या ओढीनं आपलं पथक सोडलं होतं. पुढं मनाची समजूत घालून तो परत आला, तेव्हा त्याला काम मिळालं ते पथकाच्या बेपत्ता अधिकाऱ्यांचा रशियात जाऊन शोध घेण्याचं. बोल्शेविकांनी त्यांना गोळ्या घातल्याचं त्याला कळलं. तेव्हा तो बावीस-तेवीस वर्षांचा होता. तेच काम, त्याच देशात, हजारपटीनं मोठं होऊन पुन्हा आपल्या वाट्याला येणार आहे, हे त्याला कुठून ठाऊक असणार!

१९३९ मध्ये चाप्स्की कैद झाला आणि स्तारोबेल्स्कच्या छावणीत पडला. १९४० च्या वसंतात तिथून रोज माणसांचे जथे बाहेर नेले जाऊ लागले. घरी सोडणार, अशी वदंता होती. मागं राहिलेले जाणाऱ्यांचा हेवा करत. तिन्ही छावण्यांतल्या जवळपास पंधरा हजारांपैकी सुमारे चारशे माणसं वाचली, त्यांत चाप्स्की होता. आपल्यालाच का वगळलं, हा प्रश्न त्याला आयुष्यभर कुरतडत राहिला.

जून १९४१ मध्ये हिटलरनं रशियावर हल्ला केला आणि कालचे वैरी मित्र झाले. पोलिश कैद्यांना माफी मिळाली आणि आंदेर्स यांनी फौज उभारायला घेतली. शिपाई येत होते, पण अधिकारी येईनात. आंदेर्स यांनी शोधाचं काम चाप्स्कीवर सोपवलं. त्याच्याजवळ दुसरं काय होतं? वाचलेल्यांना विचारून, आठवून आठवून लिहिलेली नावं. बराकीत शेजारी कोण झोपायचा, अमुक डॉक्टर कुठल्या गावचा, तमुक प्राध्यापक कुठल्या जथ्यातून गेला. नावाला नाव जोडत यादी वाढत गेली. ३ डिसेंबर १९४१ रोजी पोलंडचे पंतप्रधान सिकोर्स्की आणि आंदेर्स यांनी क्रेमलिनमध्ये स्टॅलिनपुढं हजारो नावांचा हा विषय काढला. माणसं पळून गेली असतील, मांचुरियात गेली असतील, असं उत्तर स्टॅलिननं दिलं. ज्या माणसाची मृत्यूच्या हुकमावर पहिली सही, त्याचं हे उत्तर.

जानेवारी १९४२ मध्ये कडाक्याच्या थंडीत चाप्स्की चकालोव्ह शहरात गेला आणि सगळ्या श्रमछावण्यांचा प्रमुख असलेल्या जनरल नासेद्किनला भेटला. त्यानं नंतर लिहून ठेवलं आहे, की साहेबांच्या मागच्या भिंतीवर छावण्यांचा मोठा नकाशा होता आणि बोलता बोलता तो त्या खुणा डोळ्यांनी टिपत होता, आपली माणसं यांतल्या कुठल्या ठिपक्यात असतील याचा अंदाज घेत होता. नासेद्किननं अखेर हात वर केले. मग चाप्स्की मॉस्कोत गुप्त पोलिसांच्या लुब्यांका मुख्यालयात जनरल राइखमानसमोर जाऊन बसला. राइखमाननं त्याचं निवेदन हातात पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ वाचलं, चेहऱ्यावरची सुरकुती हलू न देता, आणि आपल्याला यातलं काही माहीत नाही असं सांगितलं. सरकारी कचेरीत हेलपाटे घातलेल्या कोणालाही ही खोली ओळखीची वाटेल. फरक इतकाच, की इथं टेबलापलीकडे बसलेल्या खात्यानंच खून केलेले होते.

ते खून कसे झाले, हे जगाला १९९१ मध्ये कालिनिन शहराच्या गुप्त पोलिसांचा तत्कालीन प्रमुख तोकारेव्ह याच्या जबानीतून सविस्तर कळलं. ओस्ताश्कोव्हचे कैदी रात्री एकेक करून एका खोलीत आणत. नाव विचारत, वडिलांचं नाव विचारत, जन्मसाल विचारत. खातरजमा झाली की हात बांधून शेजारच्या खोलीत नेत आणि मानेमागून गोळी घालत. मॉस्कोहून खास आलेला मुख्य मारेकरी वासिली ब्लोखिन कातड्याचा एप्रन आणि कोपरापर्यंतचे हातमोजे घालून उभा असे. एका रात्रीत अडीचशेच्या आसपास माणसं. पिस्तुलं जर्मन बनावटीची होती. पहाटे कामगिरी संपली की मारेकऱ्यांना दारू मिळे. एकट्या त्या ठिकाणी ६,३११ माणसं मारली गेली. स्मोलेन्स्कजवळच्या कातिनच्या जंगलात ४,४२१, खारकोव्हमध्ये ३,८२०, आणि इतर तुरुंगांत ७,३०५. एकूण २१,८५७. हे आकडे रशियन गुप्त पोलिसांच्याच प्रमुखानं, शेलेपिननं, १९५९ मध्ये आपल्या वरिष्ठांना कळवलेले आहेत.

१३ एप्रिल १९४३ रोजी जर्मन रेडिओनं कातिनमधल्या खड्ड्यांची बातमी दिली. नाझींना पोलिश माणसांचा कळवळा नव्हता. त्याच आठवड्यात ते वॉर्सातल्या ज्यूंच्या वस्तीवर अखेरचा घाला घालायला निघाले होते. पण बातमी खरी होती. प्रेतांच्या अंगावर हिवाळी कोट होते. खिशांतली पत्रं आणि वर्तमानपत्रं १९४० च्या वसंताशी येऊन थांबत होती, आणि जर्मन फौज तिथं पोहोचली ती १९४१ च्या उन्हाळ्यात. मेजर आदाम सोल्स्की याच्या खिशात रोजनिशी सापडली. ९ एप्रिल १९४० ची तिची शेवटची नोंद आहे. कैद्यांच्या गाडीतून कुठल्यातरी जंगलात आणलं, बारकाईनं झडती घेतली, घड्याळ काढून घेतलं, अंगठीबद्दल विचारलं, पैसे घेतले, कमरेचा पट्टा आणि खिशातला चाकू घेतला. पुढं पान कोरं आहे. घड्याळ काढून घेताना त्यात किती वाजले होते, हेसुद्धा त्या माणसानं लिहून ठेवलं आहे. मरणाच्या दारात उभं राहूनही त्यानं साक्ष नोंदवली.

पोलंडच्या निर्वासित सरकारनं रेड क्रॉसकडे चौकशी मागितली, एवढ्या अपराधावरून स्टॅलिननं त्याच्याशी संबंध तोडले. जानेवारी १९४४ मध्ये रशियानं आपली समिती नेमून खून जर्मनांच्या माथी मारले. यात आश्चर्य काही नाही. खुनी खोटं बोलणारच. मला अधिक जड जातं ते दुसऱ्या बाजूचं वागणं.

पोलिश सरकारकडचे ब्रिटिश राजदूत ओवेन ओ'मॅली यांनी मे १९४३ मध्ये आपल्या सरकारला अहवाल लिहिला. सगळा पुरावा रशियाकडे बोट दाखवतो, हे त्यांनी त्यात मांडलं. चर्चिलनी तो वाचला, रूझवेल्टना पाठवला आणि कुलुपात टाकला. श्रोतेहो, ही तारीख ध्यानात घ्या. त्याच १९४३ सालात, त्याच ब्रिटिश साम्राज्याच्या कारभाराखाली, वळिवड्याची छावणी उभी राहत होती. इथं विधवांच्या डोक्यावर कौलं चढवणारं सरकार आणि लंडनमध्ये त्यांच्या नवऱ्यांच्या खुन्याचं नाव दडवणारं सरकार एकाच साम्राज्याचं होतं. आसरा खरा होता आणि दडपणंही खरं होतं.

अमेरिकेत लेफ्टनंट कर्नल जॉन व्हॅन व्लिएट यांची गत ऐका. ते जर्मनांच्या कैदेत होते. जर्मनांनी त्यांना जबरदस्तीनं कातिनला नेऊन खड्डे दाखवले. जर्मनांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, तरी प्रेतांचे न झिजलेले बूट आणि कपडे पाहून त्यांची खात्री पटली. ही माणसं कैदेत फार दिवस जगलीच नाहीत, मग जर्मनांच्या ताब्यात कधी येणार? सुटका होताच मे १९४५ मध्ये त्यांनी आपल्या वरिष्ठांना अहवाल दिला. त्यावर अतिगोपनीय असा शिक्का बसला, आणि पुढं तो अहवाल सरकारी दप्तरातून नाहीसा झाला. न्यूरेंबर्गच्या खटल्यात रशियानं कातिनचा आरोप जर्मनांवर ठेवला, तो टिकला नाही, आणि निकालपत्रात त्याचा उल्लेखच आला नाही. ज्या न्यायालयानं जगाला युद्धगुन्ह्याची व्याख्या दिली, त्यानं या गुन्ह्याच्या बाजूनं वळसा घातला.

चर्चिल-रूझवेल्ट यांच्या बाजूनं एक युक्तिवाद केला जातो आणि तो हलका नाही. हिटलरला हरवायचं तर रशिया हवाच होता. आपल्या मराठा पलटणी त्या वेळी इटलीत जर्मनांशी झुंजत होत्या. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला तो त्याच मोहिमेत. पूर्वेची आघाडी कोसळली असती तर अशा किती घरांतले दिवे विझले असते, कोण सांगणार? १९४३ मधलं मौन मी समजू शकतो. पण १९४५ नंतरचं काय? लढाई संपली, हिटलर मेला, तरी कागद बाहेर आले नाहीत. अडचणीच्या काळापुरतं धरलेलं मौन पुढं सवयीचं झालं आणि मग त्या मौनाचाच बचाव करणं हे सरकारांचं काम होऊन बसलं. याला माझ्या लेखी माफी नाही.

चाप्स्की फ्रान्समध्ये स्थायिक झाला. पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट होती, तिथं कातिनबद्दल खरं लिहिणं गुन्हा होता. त्यानं आपल्या शोधाची हकीकत पुस्तकातून मांडली. १९५० मध्ये तो अमेरिकेत गेला, तेव्हा तिथल्या सरकारी नभोवाणीनं त्याला पोलिश श्रोत्यांसाठी बोलायला बोलावलं आणि त्याच्या भाषणातून कातिनचा उल्लेख काढून टाकला. राइखमानच्या खोलीतून तो रिकाम्या हातानं परतला होता. आता स्वतंत्र जगाच्या ध्वनिक्षेपकासमोरही तेच घडलं. पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसची समिती बसली, चाप्स्कीनं साक्ष दिली, व्हॅन व्लिएट यांनीही दिली, आणि समितीनं रशियाच्या गुप्त पोलिसांना दोषी ठरवलं. आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला भरा, अशी शिफारसही केली. खटला कधीच उभा राहिला नाही.

मग सत्य बाहेर आलं कसं? याद्यांमुळे! मारायला नेलेल्या कैद्यांच्या याद्या गुप्त पोलिसांनीच केल्या होत्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस रशियन दप्तरखाने किलकिले झाले, तेव्हा नतालिया लेबेदेवा, युरी झोऱ्या यांच्यासारख्या रशियन अभ्यासकांनी त्या धुंडाळल्या. झोऱ्या यांनी छावणीतून नेलेल्यांची यादी आणि १९४३ मध्ये खड्ड्यांतून काढलेल्या प्रेतांची यादी शेजारी शेजारी ठेवली. नावांचा क्रमही जागोजागी जुळला. म्हणजे ज्या जथ्यातून माणसं गेली, त्याच जथ्यानं ती पुरली गेली होती. या युरी झोऱ्यांचे वडील न्यूरेंबर्गला रशियाचे सरकारी वकील होते. मे १९४६ मध्ये तिथंच बंदुकीच्या गोळीनं त्यांचा मृत्यू झाला आणि तो अपघात म्हणून नोंदवला गेला. मुलानं चव्वेचाळीस वर्षांनी त्या काळाचा पुरावा जगापुढं ठेवला. १३ एप्रिल १९९० रोजी गोर्बाचेव्हच्या सरकारनं गुन्हा कबूल केला. ऑक्टोबर १९९२ मध्ये स्टॅलिनच्या सहीचा कागद पोलंडच्या हाती आला. चाप्स्की तेव्हा शहाण्णव वर्षांचा होता. जानेवारी १९९३ मध्ये त्यानं देह ठेवला.

आणखी एक यादी सापडली. २६ ऑक्टोबर १९४० रोजी बेरियानं विशेष कामगिरीबद्दल १२५ जणांना बक्षीस जाहीर केलं. कोणाला एक महिन्याचा पगार, कोणाला ८०० रूबल. हे बक्षीसपत्र म्हणजे मारेकऱ्यांची हजेरी आहे. ब्लोखिन त्या यादीत आहे. त्याच्यावर खटला झाला नाही, तो १९५५ मध्ये मेला. या खुनांबद्दल एकालाही शिक्षा झाली नाही. तरीही आज ब्लोखिनचं नाव खुनी म्हणून नोंदलेलं आहे, आणि ही किंमत मी कमी मानत नाही.

कुरुंदवाडकरांना हे मी का सांगावं? संताजी घोरपड्यांची समाधी आपण संगमावर मानतो. मोगल फौजांना सळो की पळो करून सोडणारा तो सेनापती लढाईत पडला नाही. बेसावध, निःशस्त्र असताना त्याला मारलं गेलं. मारणाऱ्याला शिक्षा झाली नाही, उलट मोगलांकडून मान मिळाला. पण नागोजी मान्याचं नाव तीनशे वर्षांत कोणी पुसू शकलं नाही, कारण इथल्या माणसांनी ते सांगितलं, बखरकारांनी लिहिलं. न्याय हुकला तरी नोंद हुकू द्यायची नाही, ही या मातीची जुनी शिकवण आहे.

आपल्याही काळात हा प्रश्न जिवंत आहे. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे हवाई दलाचे वैमानिक १९७१ च्या युद्धात पाकिस्तानच्या हद्दीत पाडले गेले. बेपत्ता ५४ भारतीय जवानांच्या यादीत त्यांचं नाव आहे. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय पातळीवरच्या बॅडमिंटन विजेत्या. लग्नाला दीड-दोन वर्षं झाली होती. त्यानंतरची पाच दशकं त्यांनी मंत्र्यांच्या कचेऱ्या, संसद, न्यायालय असं प्रत्येक दार ठोठावलं. २००७ मध्ये बेपत्ता जवानांचे नातेवाईक पाकिस्तानच्या तुरुंगांतही जाऊन आले. ही माणसं आमच्याकडे नाहीत, हे पाकिस्तानचं उत्तर बदललेलं नाही. कातिन आणि ही घटना एकसारख्या आहेत असं मी म्हणत नाही. पण माणूस कुठं गेला, हे विचारणाऱ्या बाईला दोन्हीकडे सारखंच थांबावं लागलं आहे.

चाप्स्कीकडून मी एवढंच शिकलो, की सत्तेच्या खोटेपणापुढं संतापापेक्षा यादी जास्त टिकते. नाव, गाव, तारीख, शेवटचं कोणी पाहिलं. या चार गोष्टी कागदावर असल्या, की पन्नास वर्षांनीही खोटं उघडं पडतं.

म्हणून माझी तुम्हाला एक विनंती आहे. आपल्या शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळीसारखं गाव आहे, जिथं पिढ्यान् पिढ्या घराघरातून माणसं फौजेत गेली. तालुक्यातल्या गावोगावी निवृत्त जवान आहेत. त्यांतले काही शांत झोपू शकत नाहीत, पाहिलेलं कोणाला सांगत नाहीत, आणि घरचेही विचारायला कचरतात. त्यांच्याजवळ बसा. घाई करू नका. ते जे सांगतील ते नावानिशी, तारखेनिशी लिहून घ्या. शाळांनी हे काम हाती घ्यावं, वाचनालयांनी त्या वह्या जपाव्यात. जे परत आले नाहीत, त्यांची नावंही त्यांत असू द्या. कोल्हापूरला जाल तेव्हा तिथलं पोलिश दफनस्थान पाहा आणि थडग्यांवरची नावं वाचा.

बेलारूसच्या तुरुंगांत मारलेल्या ३,८७० पोलिश माणसांची यादी अजूनही जगापुढं आलेली नाही. चाप्स्कीनं सुरू केलेलं काम पुरं झालेलं नाही, आणि आपलं तर अजून सुरूच व्हायचं आहे. या वर्षीच ते सुरू करा.